हुकूमशहा पळून गेला, तर खटला कुणी चालवायचा? हायब्रीड कोर्टाची गोष्ट

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित अवतार. लोकलमध्ये रेंज जाते, हेडफोन घरी राहतो, किंवा एखाद्याला ऐकण्यापेक्षा वाचलेलं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे पन्नासेक "म्हणजे" कापलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. एका देशात एक हुकूमशहा आठ वर्षं राज्य करतो. त्याचे पोलीस हजारो माणसं मारतात, त्याहून जास्त माणसांना कोंडून छळतात. मग एक दिवस त्याची सत्ता जाते. तो विमानात बसतो, दुसऱ्या देशात उतरतो, आणि तिथे निवांत राहायला लागतो. आता त्याला धरायचं कुणी? कुठल्या कायद्याने? कुठल्या कोर्टात? आणि त्या कोर्टाचा खर्च कोण देणार?

मी वकील नाही. दिवसभर कोड लिहिणारा माणूस आहे. पण या विषयात मी अडकलो तो एका डेटा प्रोजेक्टमुळे, ते पुढे सांगतोच. आणि वाचत गेलो तसं लक्षात आलं की या चारही प्रश्नांची उत्तरं एकाच खटल्यात मिळतात. तो खटला म्हणजे आफ्रिकेतल्या चाड देशाचा माजी राष्ट्राध्यक्ष हिसेन हाब्रे याच्यावरचा.

हा हाब्रे कोण?

चाड म्हणजे आफ्रिकेच्या मधोमध, लिबियाच्या खाली असलेला देश. राजधानी एनजामेना. हाब्रेने जून १९८२ मध्ये बंडखोर सैन्याच्या जोरावर सत्ता घेतली आणि डिसेंबर १९९० पर्यंत ती टिकवली. शेजारच्या लिबियात तेव्हा गद्दाफी होता, आणि गद्दाफीला अडवायला कुणीतरी हवा म्हणून अमेरिका आणि फ्रान्स या दोघांनी हाब्रेला शस्त्रं आणि पैसा पुरवला. १९८७ मध्ये तर रेगननी त्याला व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं.

इकडे देशात त्याने स्वतःचे राजकीय पोलीस उभे केले होते. फ्रेंच नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना 'डीडीएस' म्हणायचे. हे खातं थेट राष्ट्राध्यक्षाला उत्तर द्यायचं. एखादी जमात विरोधात जातेय असं वाटलं की अख्ख्या जमातीलाच धरायचं, अशी पद्धत. १९८४ च्या सुमारास दक्षिणेतले लोक, १९८७ मध्ये हाजराई, १९८९ मध्ये झघावा. एनजामेनात फ्रेंचांच्या काळातला एक पोहण्याचा तलाव होता. त्यावर काँक्रीटचं छत टाकून आत कोठड्या पाडल्या आणि त्याचा तुरुंग केला. लोक त्याला 'ला पिसीन' म्हणायचे. फ्रेंचमध्ये पिसीन म्हणजे पोहण्याचा तलाव.

१ डिसेंबर १९९० ला हाब्रेचाच एकेकाळचा सेनापती इद्रिस देबी याने त्याला उलथवलं. हाब्रे जाताना सरकारी तिजोरी रिकामी करून गेला आणि सेनेगलच्या डाकार शहरात जाऊन स्थायिक झाला. १९९२ मध्ये चाडच्या चौकशी आयोगाने अहवाल दिला. त्यात हाब्रेच्या काळात ४०,००० माणसं मारली गेली असावीत असा अंदाज होता. आयोगाने दोषींवर खटले भरा असंही सांगितलं. प्रत्यक्षात डीडीएसमधली कित्येक माणसं नव्या सरकारातही खुर्च्यांवर बसलेली होती.

तीन दरवाजे, तिन्हींना कुलूप

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, कोर्टात जायचं. जायचं, पण कुठल्या?

पहिला दरवाजा म्हणजे आपल्याच देशाचं कोर्ट. पण चाडमध्ये जुने छळ करणारेच नव्या सरकारात. साक्षीदार रस्त्यात आपल्याला मारणाऱ्या माणसाला रोज भेटतोय, तो साक्ष काय देणार? शिवाय आरोपी देशात नाहीच.

दुसरा दरवाजा म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, हेगचं. बातम्यांत नाव येतं ते. पण हे कोर्ट १ जुलै २००२ ला सुरू झालं आणि त्या तारखेनंतरचेच गुन्हे त्याला बघता येतात. हाब्रेचा काळ १९८२ ते १९९०. विषय संपला.

तिसरा दरवाजा म्हणजे हाब्रे जिथे राहतोय तो देश, सेनेगल. त्यांनी म्हणायचं, गुन्हा आमच्या जमिनीवर झाला नाही, मेलेली माणसं आमची नाहीत, मारणारा आमचा नाही. आमचा काय संबंध?

आणि खरं सांगायचं तर बहुतेक हुकूमशहांची गोष्ट इथेच संपते. छान बंगला, सुरक्षारक्षक, म्हातारपण, वर्तमानपत्रात चार ओळींचा मृत्युलेख.

एका हिशेबनिसाची शपथ

इथे ती संपली नाही, याचं मोठं श्रेय सुलेमान गेंगेंग नावाच्या माणसाला जातं. हा साधा हिशेबनीस. चाड सरोवराचं पाणी वाटून घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगात नोकरी करायचा. १९८८ मध्ये त्याला पकडलं आणि दोन वर्षांहून जास्त डीडीएसच्या तुरुंगात ठेवलं. आजूबाजूला माणसं मरत होती. त्याने शपथ घेतली की जिवंत सुटलो तर यांना न्याय मिळवून देईन.

सुटल्यावर त्याने हिशेबनीस जे करतो तेच केलं. नोंदी ठेवल्या. तुरुंगातून वाचलेल्यांची आणि मेलेल्यांच्या बायकापोरांची संघटना उभी केली, एकेकाकडून माहिती लिहून घेतली. अशा ७९२ जबान्या त्याने जमवल्या. मग धमक्या यायला लागल्या तेव्हा ते कागद घरात लपवून ठेवले आणि वर्षानुवर्षं जपले.

ऑक्टोबर १९९८ मध्ये चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे याला लंडनमध्ये अटक झाली. अटक कशावर? तर स्पेनच्या एका न्यायाधीशाच्या वॉरंटवर. जगभरच्या पीडितांना पहिल्यांदा वाटलं, अरे, हे होऊ शकतं! चाडच्या वकील जॅकलीन मुदेना आणि ह्यूमन राइट्स वॉचचे रीड ब्रॉडी यांच्यासोबत पीडितांनी तयारी केली आणि जानेवारी २००० मध्ये सात जणांनी थेट डाकारच्या कोर्टात तक्रार दाखल केली. तिथल्या न्यायाधीशाने पुढच्याच महिन्यात हाब्रेवर आरोप ठेवलेसुद्धा. पेपरांनी त्याचं नाव 'आफ्रिकेचा पिनोशे' ठेवलं.

याची किंमतही मोजावी लागली. जून २००१ मध्ये एनजामेनात एका निदर्शनात पोलिसांनी मुदेनांच्या दिशेने हातबॉम्ब फेकला. पायात तुकडे घुसले. पोलिसांचं नेतृत्व करणारा अधिकारी हाब्रेच्या काळातलाच होता, आणि त्याच्यावर मुदेनांनी आधीच केस टाकलेली होती. बरं झाल्यावर त्या परत कामाला लागल्या.

जमिनीवर पडलेला डेटाबेस

आता माझ्या आवडीचा भाग. २००१ मध्ये ब्रॉडी आणि त्यांचे सहकारी एनजामेनातल्या डीडीएसच्या जुन्या, सोडून दिलेल्या मुख्यालयात गेले. खोल्यांमध्ये जमिनीवर कागदांचा खच पडलेला. धूळ, पसारा. हातात घेऊन बघतात तर डीडीएसचं स्वतःचंच दफ्तर! कैद्यांच्या याद्या, मृत्यूचे दाखले, चौकशीचे अहवाल, हाब्रेला पाठवलेली पत्रं. हजारो पानं.

जुलमी सरकारं कागद का ठेवतात, असा प्रश्न पडतो ना? कारण सोपं आहे. कुठलंही मोठं खातं नोंदींशिवाय चालतच नाही. कोण कुठल्या कोठडीत, कोण मेला, कुणाला वर कळवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टम चालवायची तर लॉग ठेवावेच लागतात, आणि लॉग कोण, कधी, कशासाठी वाचेल ते लिहिणाऱ्याच्या हातात नसतं.

या कागदांवर मानवी हक्कांच्या डेटाचं विश्लेषण करणाऱ्या एका गटाने काम केलं. त्यांचे प्रमुख संख्याशास्त्रज्ञ पॅट्रिक बॉल. एकच नाव चार स्पेलिंगनी लिहिलेलं, एकच माणूस तीन याद्यांत, तारखा अर्धवट. डुप्लिकेट काढणं हे काम ज्याने कधी केलंय त्याला कळेल ते किती किचकट असतं. फक्त इथे एकेक ओळ म्हणजे एकेक माणूस. शेवटी निघालं ते असं: कोठडीत मेलेल्या किंवा मारलेल्या १,२०८ जणांची नावं, आणि एकूण १२,३२१ पीडितांचे उल्लेख. शिवाय ८९८ कैद्यांबद्दल हाब्रेला थेट पाठवलेले १,२६५ संदेश.

हा शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. "मला माहीत नव्हतं, खालच्या लोकांनी केलं" हा प्रत्येक हुकूमशहाचा ठरलेला बचाव असतो. इथे खालच्या लोकांनी वर कळवल्याच्या पावत्याच सापडल्या.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सोशल मीडियावर इथेच भांडणं होतात. "४०,००० म्हणता आणि नावं तर १,२०८ च!" असं कुणी म्हणेल. पण हे दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ४०,००० हा आयोगाने सापडलेल्या मृतांवरून बांधलेला अंदाज आहे. १,२०८ ही खुद्द मारणाऱ्यांच्या कागदांत नावानिशी आलेली माणसं. पहिला आकडा व्याप्ती सांगतो, दुसरा कोर्टात पुरावा म्हणून उभा राहतो. एकाने दुसरा खोटा ठरत नाही.

बारा वर्षांची टोलवाटोलवी

कागद आहेत, साक्षीदार आहेत, आरोपीचा पत्ता माहीत आहे. मग खटला २००२ मध्ये उभा राहिला असेल? नाही. इथून पुढे सरकारी ऑफिसात आपल्याला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात तसं झालं, फक्त खिडक्या देशोदेशीच्या.

मार्च २००१ मध्ये सेनेगलच्या वरिष्ठ कोर्टाने सांगितलं की परदेशात झालेल्या छळाचा खटला चालवायचा अधिकार आमच्या कायद्यात नाही. पीडितांनी आधीच बेल्जियममध्ये तक्रार दिली होती, कारण तिथल्या कायद्याने जगात कुठेही झालेल्या अशा गुन्ह्यांचा तपास करता यायचा. २००५ मध्ये बेल्जियमच्या न्यायाधीशाने अटक वॉरंट काढलं. सेनेगलने हाब्रेला दिलं नाही, प्रकरण आफ्रिकन युनियनकडे ढकललं. आफ्रिकन युनियनने जुलै २००६ मध्ये सांगितलं, "आफ्रिकेच्या वतीने" तुम्हीच खटला चालवा. सेनेगलने कायदा बदलला, मग म्हणाले पैसे नाहीत, आधी २ कोटी ७४ लाख युरो द्या.

आणि २०१० मध्ये खरी गंमत झाली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या संघटनेचं एक कोर्ट आहे. हाब्रे स्वतः तिथे गेला. त्याचा मुद्दा असा, की माझ्यावरचे आरोप १९८० च्या दशकातले आणि सेनेगलने कायदा केला २००७ मध्ये. मागच्या तारखेने कायदा कसा लावता? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जेव्हा जे गुन्हा नव्हतं त्यासाठी नंतर शिक्षा करायची नाही, हे तत्त्व तुमच्या-माझ्या संरक्षणासाठीही आहे. उद्या एखाद्या सरकारने आज नियम करून तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या पोस्टवर केस टाकली तर?

इकोवास कोर्टाने निकाल दिला की सेनेगलच्या साध्या कोर्टात हा खटला चालवता येणार नाही. पण आंतरराष्ट्रीय स्वरूपाचं खास कोर्ट स्थापन केलं, तर चालवता येईल. कारण छळ आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे हे १९८० च्या दशकातही आंतरराष्ट्रीय कायद्यात गुन्हेच होते. एखाद्या देशाच्या पुस्तकात लिहिलेले नव्हते इतकंच.

हाब्रे सुटायला गेला आणि त्याच्या खटल्याचा नेमका रस्ता कोर्टाने आखून दिला.

शेवटचा धक्का दिला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने. (हे देशादेशांमधले वाद बघणारं कोर्ट, मघाशी सांगितलेल्या फौजदारी न्यायालयापेक्षा वेगळं.) बेल्जियमने सेनेगलला तिथे खेचलं होतं. सेनेगलने छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली. त्या करारात सरळ नियम आहे: छळाचा आरोपी तुमच्या देशात सापडला तर एकतर स्वतः खटला चालवा, नाहीतर चालवणाऱ्याच्या ताब्यात द्या. तिसरा पर्याय नाही. २० जुलै २०१२ ला न्यायालयाने सेनेगलला तेच सांगितलं, आणि आणखी उशीर करू नका असंही बजावलं. त्याच वर्षी निवडणुकीत अब्दुलाय वाद हरले होते आणि माकी साल राष्ट्राध्यक्ष झाले होते. बारा वर्षं न हललेली फाइल काही महिन्यांत हलली. कायदा तोच होता, खुर्चीवरचा माणूस बदलला. हेही लक्षात ठेवा.

मग हायब्रीड म्हणजे नेमकं काय?

ऑगस्ट २०१२ मध्ये सेनेगल आणि आफ्रिकन युनियनने करार केला आणि 'एक्स्ट्राऑर्डिनरी आफ्रिकन चेंबर्स' नावाचं कोर्ट उभं राहिलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते सुरू झालं. हायब्रीड गाडीत पेट्रोल आणि बॅटरी दोन्ही असतात, तसं या कोर्टात देशी आणि आंतरराष्ट्रीय दोन्ही असतं. कुठे काय मिसळलंय ते बघा.

जागा: वेगळी इमारत, वेगळी यंत्रणा असं नाही. सेनेगलच्या चालू न्यायव्यवस्थेच्या आतच खास कक्ष.

न्यायाधीश: खटल्याच्या पीठाचा अध्यक्ष आफ्रिकन युनियनच्या दुसऱ्या देशातला, बाकीचे सेनेगलचे. अध्यक्ष झाले बुर्किना फासोचे गुस्ताव काम.

कायदा: गुन्ह्यांच्या व्याख्या आंतरराष्ट्रीय, म्हणजे मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे, छळ. कामकाजाची पद्धत मुख्यतः सेनेगलची.

पैसा: चाड, आफ्रिकन युनियन, युरोपीय देश आणि अमेरिका अशा अनेकांनी मिळून. बजेट सुमारे ८६ लाख युरो. आधी मागितलेल्या रकमेच्या एक तृतीयांशाहून कमी.

हायब्रीड कोर्टाचा सगळ्यांचा साचा एकच नसतो. सिएरा लिओनमध्ये २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांशी करार करून खास न्यायालय झालं. त्याने लायबेरियाचा माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर याला २०१२ मध्ये दोषी ठरवून ५० वर्षांची शिक्षा दिली. कंबोडियात ख्मेर रूजच्या गुन्ह्यांसाठी जे कोर्ट झालं त्यात कंबोडियन न्यायाधीशांचं बहुमत होतं, पण निकालाला किमान एका परदेशी न्यायाधीशाचं मत लागायचं. ते कोर्ट २००६ ते २०२२ चाललं, ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि शिक्षा पक्की झाली ती फक्त तिघांची. पोल पॉट तर १९९८ मध्येच मेला होता. म्हणजे हायब्रीड म्हटलं की स्वस्त आणि झटपट, असं मुळीच नाही.

कोर्टात काय झालं

३० जून २०१३ ला हाब्रेला डाकारमध्ये अटक झाली. तपास करणारे न्यायाधीश चार वेळा चाडला जाऊन आले, सुमारे अडीच हजार पीडितांशी बोलले. २० जुलै २०१५ ला खटला सुरू झाला. हाब्रे कोर्टातच ओरडायला लागला, वकिलांना बोलू देईना. कोर्टाने स्वतः त्याला वकील नेमून दिले आणि त्यांना तयारीला ४५ दिवस दिले. सप्टेंबरमध्ये परत सुरू झाल्यावर त्याला अक्षरशः उचलून आणावं लागलं. मग महिनोन्‌महिने तो पगडी आणि काळ्या चष्म्याआड गप्प बसून राहिला.

त्याच्यासमोर नव्वदहून जास्त साक्षीदार येऊन बोलून गेले. सुलेमान गेंगेंगही त्यांच्यात होते. पॅट्रिक बॉल यांनी आकडे मांडले, की डीडीएसच्या तुरुंगातला मृत्यूदर त्या वेळच्या चाडमधल्या सामान्य प्रौढ पुरुषांच्या कितीतरी पट जास्त होता. म्हणजे "गरीब देश आहे, माणसं मरतातच" हा युक्तिवाद टिकत नाही. आणि काही बायकांनी पहिल्यांदाच जाहीरपणे सांगितलं की उत्तरेच्या वाळवंटातल्या लष्करी तळावर त्यांना नेऊन सैनिकांच्या गुलाम म्हणून ठेवलं होतं. पंचवीसेक वर्षं हे त्यांनी पोटात ठेवलं होतं.

३० मे २०१६ ला निकाल लागला. मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांत दोषी, जन्मठेप. कोर्टात बसलेल्या बायकांनी आनंदाने आरोळ्या ठोकल्या. एका देशाच्या माजी प्रमुखाला दुसऱ्या देशाच्या न्यायव्यवस्थेतल्या कोर्टाने अशा गुन्ह्यांसाठी दोषी ठरवण्याची ही जगातली पहिलीच वेळ होती. आणि ती न्यूयॉर्क किंवा हेगमध्ये नाही, आफ्रिकेत आली.

एप्रिल २०१७ मध्ये अपिलात जन्मठेप कायम राहिली. पण एका गोष्टीत कोर्टाने त्याला सोडलं. एका साक्षीदार बाईने सांगितलं होतं की हाब्रेने स्वतः तिच्यावर बलात्कार केला, आणि खालच्या कोर्टाने ते मान्य केलं होतं. अपील कोर्ट म्हणालं की हा आरोप मूळ आरोपपत्रात नव्हता, साक्षीत उशिरा आला, म्हणून त्यावर शिक्षा देता येणार नाही. बाई खोटं बोलल्या असं कोर्ट म्हणालं नाही. वाचताना राग येतो. पण मघाशी मागच्या तारखेच्या कायद्याबद्दल जे म्हटलं तेच इथे लागू आहे. नियम आरोपीसाठीही असतात म्हणून तर त्या निकालाला वजन असतं. आणि त्याची किंमत मात्र त्या बाईंनी मोजली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जिंकून मिळालं काय?

अपील कोर्टाने ७,३९६ पीडितांसाठी सुमारे ८२ अब्ज सीएफए फ्रँक, म्हणजे साडेबारा कोटी युरोच्या आसपास नुकसानभरपाई ठरवली. ती द्यायला आफ्रिकन युनियनचा निधी उभारायचं ठरलं. आणि मग? परत खिडक्या. वर्षांमागून वर्षं गेली, निधीतून पीडितांच्या हातात काही पडलं नाही. कित्येक जण वाट बघताना वारले. २०२४ मध्ये चाड सरकारने आपल्या बाजूने काही रक्कम वाटली, पण कोर्टांनी ठरवलेल्या भरपाईपुढे ती फारच थोडी. हाब्रे स्वतः ऑगस्ट २०२१ मध्ये डाकारमध्ये शिक्षा भोगत असताना कोविडने वारला.

आणखी एक जुनं बोट दाखवायलाच हवं. कोर्टापुढे खटला चालला एकट्या हाब्रेवर. डीडीएसच्या इतर मोठ्या अधिकाऱ्यांना चाडने डाकारला पाठवलं नाही, घरीच खटला चालवून मार्च २०१५ मध्ये २० जणांना शिक्षा दिली. १९८४ मध्ये दक्षिणेत कत्तली झाल्या तेव्हा सैन्याचा प्रमुख इद्रिस देबी होता. खटला चालू असताना तो चाडचा राष्ट्राध्यक्ष होता, त्याच्या सरकारने कोर्टाला पैसे दिले होते. त्याच्यापर्यंत कुणी पोचलं नाही. शस्त्रं पुरवणाऱ्या अमेरिका आणि फ्रान्सवर कुठलाच खटला नव्हता. हायब्रीड कोर्ट करारातून जन्माला येतं, आणि करार करणारे आपल्या अंगावर येईल असं कलम कधीच लिहित नाहीत. ही त्याची जन्मजात मर्यादा आहे.

मग याचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांसाठी

उपयोग गांबियाला विचारा. तिथे याह्या जामेने १९९४ ते २०१७ अशी २२ वर्षं सत्ता गाजवली, निवडणूक हरला आणि इक्वेटोरियल गिनीला पळाला. गांबियाच्या पीडितांनी हाब्रेच्या खटल्यातून धडा घेतला, तिथल्या लोकांना भेटले, रस्ता विचारून घेतला. सत्यशोधन आयोग बसला, साक्षी टीव्हीवर आणि मोबाइलवर लोकांनी लाइव्ह बघितल्या. आणि डिसेंबर २०२४ मध्ये इकोवासच्या नेत्यांनी गांबियासाठी खास न्यायाधिकरणाला मंजुरी दिली. पुन्हा हायब्रीड. आरोपी अजून दुसऱ्या देशात आहे, पैसा जमवायचाय, न्यायाधीश नेमायचेत. हाब्रेच्या वेळच्या सगळ्या अडचणी तशाच आहेत. फरक एवढाच की आता "असं कधी झालंय का?" असं कुणी विचारू शकत नाही.

मला या गोष्टीतून जे घ्यायचंय ते फार छोटं आहे. हाब्रेला कोर्टापर्यंत आणणाऱ्यांत मोठे वकील होते, देश होते, हेगचं न्यायालय होतं. पण ते सगळे नंतर आले. २००० साली तक्रारीला आधार काय होता? एका हिशेबनिसाने घरात लपवलेले ७९२ कागद. तेव्हा ना कोर्ट होतं, ना कायदा, ना ते कधी होईल याची खात्री. कोर्ट पंचवीस वर्षांनी उभं करता येतं. पंचवीस वर्षांपूर्वी न लिहिलेली जबानी मात्र नंतर उभी करता येत नाही.

तर मंडळी, आज इतकंच. कंबोडियाच्या कोर्टावर पूर्ण एपिसोड हवा असेल तर सांगा, तिथे सांगण्यासारखं खूप आहे. आणि तुमच्या ग्रुपवर कुणी "मोठ्या माणसाला कधी शिक्षा होत नाही" असं टाकलं, तर त्याला डाकारची ही गोष्ट ऐकवा. पूर्ण ऐकवा, पैसे न मिळालेल्या पीडितांसकट.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.